तीन गुणांचा बोध : मराठी पाठ्यपुस्तक समितीस खुले पत्र

प्रति,
इयत्ता नववी-दहावीच्या मराठी पाठ्यपुस्तकांची निवड आणि संपादन करणारे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. नववी-दहावीचे पाठ निवडून झाले, त्यांच्याखालच्या कृती लिहून झाल्या आणि पुस्तक छापखान्यात गेलं, की आमच्यासारख्यांनी बोलून उपयोग नसतो. म्हणून हे पत्र आधीच लिहितो आहे. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. मागणी साधी आहे. धड्याखाली 'या पाठातून मिळणारा संदेश तुमच्या शब्दांत लिहा' अशा अर्थाचा जो प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतो, तो काढून टाका.

साहित्यानं माणूस घडतो यावर माझा विश्वास नाही म्हणून ही मागणी करतो आहे, असं कृपया समजू नका. विश्वास आहे म्हणूनच करतो आहे.

कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, स्वमताच्या प्रश्नाला तीन गुण असतात, हे आपणच ठरवलेलं आहे. या तीन गुणांची मुलांनी फार लवकर नाडी ओळखली. पाठात झाड असेल तर वृक्षसंवर्धन, म्हातारी असेल तर ज्येष्ठांची सेवा, गरीब मुलगा असेल तर जिद्द आणि चिकाटी. 'प्रस्तुत पाठातून लेखकाने माणुसकीचा मोलाचा संदेश दिला आहे' हे वाक्य तर कुठल्याही पाठाला चालतं. गाईडवाल्यांनी ते चालवलं, शिकवणीवाल्यांनी पाठ करून घेतलं, आणि पेपर तपासताना आम्हीही त्यावर बरोबरची खूण करत आलो, कारण नमुना उत्तरात तेच असतं. ज्या मुलानं मधल्या सुट्टीत शेजारच्याचा डबा पायानं उडवला, तोच तिसऱ्या तासाला सहानुभूतीवर सहा ओळी सुरेख लिहितो. अक्षरही चांगलं असतं त्याचं. तो खोटारडा नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं बरोबर उत्तर दिलेलं असतं.

या प्रश्नामागे एक समजूत आहे. चांगलं वाचलं की माणूस चांगला होतो, वाईट वाचलं की बिघडतो. म्हणून मुलांच्या हाती निवडून द्यावं आणि दिलेलं पोटात गेलं की नाही ते परीक्षेत तपासावं. गंमत अशी, की पुस्तकांवर बंदी मागणाऱ्यांची समजूतही अक्षरशः हीच असते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' 1947 साली आल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि 1969 साली ते सुटले. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : हे वाचून वाचणाऱ्याची नीती ढळेल काय? मर्ढेकरही निर्दोष सुटले. त्यानंतर त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत आल्या, त्यांच्यावर संदर्भासहित स्पष्टीकरणं लिहून पिढ्या पास झाल्या. त्या कवितांनी कोणी बिघडल्याचं ऐकिवात नाही. आणि त्यांच्याखालच्या प्रश्नांनी कोणी सुधारल्याचंही नाही.

मग साहित्याचा नैतिक परिणाम होतो की नाही? होतो. फक्त कसा होतो, ते आपल्याच इतिहासात नीट बघायला हवं.

1890 साल घ्या. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत ती आठवड्याच्या आठवड्याला वाचली जात होती. यमू नावाची मुलगी आपली हकिकत आपल्याच तोंडानं सांगते : माहेर, लग्न, सासर, नवऱ्यानं शिकवलेली अक्षरं, मग वैधव्य आणि बळजबरीचं केशवपन. आगरकर 1888 पासून 'सुधारक'मध्ये याच प्रथांवर तर्काचे आसूड ओढत होते. पण आगरकरांच्या लेखाशी वाद घालता येत होता, शास्त्राधार काढता येत होता, उलट लेख लिहिता येत होता. यमूशी वाद कसा घालणार? ती काही सिद्ध करत नाही. ती सांगते. आपल्याच माजघरात एक बाई इतकी वर्षं बसलेली आहे आणि तिलाही एक 'मी' आहे, हे वाचणाऱ्याला ती पहिल्यांदा जाणवून देते.

इथवर आपल्याला कोणीही सांगेल. भाषणं इथेच थांबतात. पण त्याच 1890 साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणार नाही, असा निर्धार त्या लोकांनी केला. त्यांनी 'करमणूक' वाचलं नव्हतं. केशवपनाच्या प्रथेत प्रत्यक्ष हात त्यांचा होता, त्या कामाचे पैसे त्यांना मिळत होते, आणि तेच लोक म्हणाले, हे आम्ही करणार नाही. वाड्यात बसून यमूसाठी डोळे पुसणाऱ्या घरानं आपल्या घरातल्या विधवेसाठी काय केलं? काहींनी केलं. बहुतेकांनी पुढच्या अंकाची वाट पाहिली.

याचा अर्थ कादंबरी फुकट गेली असा मी काढत नाही. तिनं एक काम केलं, ते सभेनं होण्यासारखं नव्हतं. 'मला काय माहीत तिला काय वाटतं' ही सबब तिनं काढून घेतली. कादंबरी वाचलेल्या सासऱ्याला न्हाव्याला बोलावता येत होतंच, पण आता ते न कळून केलं असं म्हणता येत नव्हतं. पुस्तक माणसाला चांगलं करत नाही, त्याची एक सबब कमी करतं. माझ्या मते साहित्याचा नैतिक परिणाम एवढाच आणि इतका मोठा आहे. पुढचं त्या माणसानं करायचं असतं, आणि पुष्कळदा तो करत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण मी वर्गात मुद्दाम देतो. त्यांच्याइतकं वाचलेला माणूस त्या काळच्या महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अगदी पुढे होते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी गेली. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी थोड्याच दिवसांत 11 वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. वय तिशीच्या पुढचं. सगळं ठाऊक होतं, सगळं वाचलेलं होतं, लोकांना सांगूनही झालं होतं. मुलं विचारतात, "मग सर, वाचून उपयोग काय झाला?" प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर मी देतो ते असं की त्याच रानड्यांनी त्या मुलीला घरातल्या बायकांचा विरोध असताना मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं. तिनं पुढे पुण्याचं सेवासदन उभं केलं आणि 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. आधीच्या शरणागतीची टोचणी आणि नंतरची शिकवणी यांचा संबंध होता की नव्हता, हे कोणाला सिद्ध करता येणार नाही. एक मुलगी म्हणाली, "त्यांना लाज वाटली असेल." दुसरी म्हणाली, "लाज वाटली असती तर लग्नच केलं नसतं." मुलं तासभर भांडली. त्या भांडणाला गुण द्यायची सोय आपल्या कृतिपत्रिकेत नाही.

आणि एक उलटं उदाहरण. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली बुलढाण्याच्या एका बाईनं लिहिलेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, त्या संतापातून लिहिलेलं. नीतीच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या शतकातल्या मराठी गद्यात याच्याइतकं धारदार पुस्तक क्वचितच. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. बाकी? जवळजवळ शंभर वर्षं सामसूम. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं की असं काही आहे. पुस्तकाच्या अंगी नैतिक ताकद असती आणि ती आपोआप लागू पडत असती, तर हे घडायला नको होतं. वाचायला माणसं लागतात, आणि ती माणसं आधीपासून त्या प्रश्नाशी कुठेतरी झटत असावी लागतात. गांधीजींनी 1904 साली जोहान्सबर्ग-दरबान रेल्वेत रस्किनचं 'अन्टू धिस लास्ट' वाचलं, ते प्रत्येक वाचन प्रेरणा दिनी आम्हाला ऐकवलं जातं. एका रात्रीत आयुष्य बदललं म्हणतात. गांधीजींनी स्वतः मात्र लिहून ठेवलंय की आपल्या मनात खोल रुजलेल्या काही श्रद्धांचंच प्रतिबिंब त्यांना त्या पुस्तकात दिसलं. तेच पुस्तक कितीतरी इंग्रजांनी वाचलं आणि कपाटात ठेवलं. फिनिक्स आश्रम एकानंच काढला.

आता आमच्या वर्गाकडे येतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर वर्ग रोडावतो. आईबाप उसाच्या फडावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, काही बैलगाडीबरोबर जातात. आमच्या भागात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, आणि मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा दलाल, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो ते कोयत्याला. एकट्या गड्याची अर्धीच किंमत. म्हणून पोराचं लग्न लवकर. आणि वयात आलेली पोरगी मागे गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. हा राज्याचा आकडा झाला. आमच्याकडे आकड्याची गरज नाही, हजेरीपट बघितला तरी पुरतं.

अशा वर्गात एका मोकळ्या तासाला मी देवलांचं 'संगीत शारदा' वाचून दाखवायला घेतलं. 1899 चं नाटक. भुजंगनाथ नावाचा म्हातारा, पैशाच्या लोभानं पोरगी त्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट नावाचा बाप, मधला दलाल भद्रेश्वर. भाषा जुनी, पदं संस्कृतप्रचुर, मला वाटलं पोरं पेंगतील. म्हाताऱ्याच्या प्रवेशांना मुलं खो खो हसली. दलाल आल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मुकादम आला." वर्ग फुटला हसून. मी कांचनभटापाशी आलो तेव्हा एका मुलानं हात वर केला. "सर, यानं उचल किती घेतली व्हती?"

कोणी हसलं नाही. मी म्हणालो, याच्यावर कर्ज नाही, याला लोभ आहे. तर तो म्हणाला, "मग ह्यो आमच्या बापापेक्षा वाईट." त्याच्या शेजारचा म्हणाला, "पोरगीला काय फरक पडतो?" आणि एक मुलगी, जी सहसा तोंड उघडत नाही, ती खाली बघत म्हणाली, "आईनं काहीच कसं नाही केलं?" मग शारदेच्या आईवर बोलणं सुरू झालं, ती बोलते का, बोलली तर कोण ऐकतं, आमच्याकडच्या आया काय करतात. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

आता हाच पाठ आपल्या पुस्तकात असता आणि खाली संदेश विचारलेला असता, तर उत्तर ठरलेलं आहे : 'मुलींचा विवाह वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरच करावा.' तीनपैकी तीन. हे उत्तर त्या वर्गातल्या प्रत्येकाला येतं. ज्याच्या बहिणीचं सोळाव्या वर्षी झालं, त्यालाही येतं. बहिणीलाही येत होतं, तिनं ते चाचणीत लिहिलेलं मी तपासलेलं आहे. उत्तर माहीत नाही ही त्या घराची अडचणच नाही. 'उचल किती घेतली' हा प्रश्न मात्र अडचणीपर्यंत जातो, कारण तो बापाला राक्षस करून सोडून देत नाही आणि माफही करत नाही. तो प्रश्न माझा नाही, आपल्या तज्ज्ञांचा नाही, देवलांचाही नाही. नाटकात आणि त्या मुलात मध्ये कोणी उभं राहिलं नाही, म्हणून तो सुचला.

त्या तासानं किती लग्नं थांबली, असं मला एका अधिकाऱ्यानं विचारलं होतं. उपक्रमाचा अहवाल भरायचा होता. रकान्यात मी काही लिहिलं नाही. थांबलेल्या लग्नांचं श्रेय ग्रामसेवकाला, चाइल्डलाइनला, वसतिगृहाला, क्वचित एखाद्या हट्टी मुलीला जातं. नाटकाला जात नाही. (कायद्यालाही नाटकाचं श्रेय देतात काही लोक. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपण शारदा कायदा म्हणतो, त्यावरून तो देवलांच्या शारदेवरून आला असं छातीठोकपणे सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. तो अजमेरच्या हरबिलास सारडांमुळे आला आणि त्यांच्या आडनावानं ओळखला गेला. नाटकानंतर 30 वर्षांनी, आणि तोही मुलीचं वय 14 ठरवून.) पण अहवालाच्या रकान्यात बसत नाही म्हणून त्या तासाला काही घडलंच नाही, असं मी मानायला तयार नाही.

आणखी एका परिणामाबद्दल आपल्या बैठकांत कोणी बोलत असेल असं वाटत नाही. नैतिक परिणाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुस्थितीतला वाचक येतो : तो गरिबाबद्दल वाचतो आणि दयाळू होतो. पण ज्याच्याबद्दल लिहिलंय तोही वर्गात बसलेला असतो. दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन 1978 साली आलं. त्याच वर्षी जुलैअखेर विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत 'बलुतं'च्या आवृत्त्या निघत होत्या, परीक्षणं येत होती, पुण्या-मुंबईचे वाचक हेलावत होते. हेलावलेल्यांपैकी किती जणांनी आपली खोली भाड्यानं देताना आडनाव विचारायचं सोडलं, ते मला माहीत नाही. शहरात खोली शोधणारे माझे माजी विद्यार्थी जे सांगतात त्यावरून अंदाज मात्र येतो. तरीही ते पुस्तक फार मोठा नैतिक परिणाम करून गेलं, आणि तो दुसरीकडे झाला. ज्यांचं जगणं तसंच होतं त्यांना कळलं की हे लिहिता येतं, लपवायचं कारण नाही. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 मध्ये. एकामागून एक माणसं आपल्या जगण्याविषयी मान खाली न घालता बोलायला लागली. ज्याला आयुष्यभर लाज शिकवली त्याची लाज जाणं, ही नीतीचीच गोष्ट आहे. आपल्या संदेशाच्या प्रश्नात ती कुठेच बसत नाही. तिथे वस्तीवरचा मुलगा आणि गढीवरचा मुलगा दोघंही एकच वाक्य लिहितात : 'समाजातील विषमता नष्ट झाली पाहिजे.' दोघांनाही तीन गुण.

मानसशास्त्राचा आधार हवा असेल, तर तोही फार आधार देत नाही. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. चांगल्या दर्जाच्या कथेचा छोटा उतारा वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या मनातलं जास्त नीट ओळखता येतं, असं त्यात निघालं होतं. जगभर बातम्या झाल्या, आमच्या प्रशिक्षणांतल्या स्लाइडवरही तो आला. नंतर इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम काही हाती लागेना. 2018 मधल्या एका मोठ्या फेरतपासणीत तो टिकला नाही. त्याच वर्षी चौदा अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या दोघांना परिणाम आढळला, पण लहानसा. आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येणं म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे आमच्या मुकादमाला भेटलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. समोरच्याला किती गरज आहे ते त्याच्याइतकं अचूक कोण ओळखतं?

आपण म्हणाल, मग काय विचारायचं? परीक्षा तर घ्यावी लागणार. बरोबर आहे, मलाही पगार परीक्षा घेण्याचाच मिळतो.

तपशील विचारा. कांचनभट बोलतो तेव्हा त्याची बायको कुठे आहे? निवेदकानं कोणती गोष्ट सांगायची टाळली आहे? या प्रसंगात कोणाची बाजू आपल्याला ऐकायला मिळत नाही? ज्याचं चुकलं असं वाटतं, त्याच्या बाजूनं चार वाक्यं लिहा. असे प्रश्न गाईडमध्ये जाणारच, पण त्यांची एकच एक उत्तरं पाठ करता येत नाहीत, निदान तितकी सहज नाही. तपासणाऱ्याचा वेळ जास्त जाईल. जाऊ द्या, आम्ही तपासू.

दुसरं, पाठांचं कातरकाम करताना बोचरा भाग कापू नका. आत्मचरित्रातला उतारा घेताना जिद्द ठेवायची आणि जात गाळायची, कथेतली गरिबी ठेवायची आणि सावकार गाळायचा, हे जेव्हा जेव्हा होतं तेव्हा मुलांच्या ते लक्षात येतं. गाळलेल्या जागेचा वास त्यांना लगेच येतो. सगळे पाठ सज्जनांनी भरले, की पुस्तक म्हणजे सत्काराचा कार्यक्रम होतो. एखादं तरी पात्र असं येऊ द्या, की ज्याचं काय करावं हे मलाही वर्गात सांगता येणार नाही. शिक्षकाला उत्तर माहीत नसलेला तास कसा असतो, हे मुलांना क्वचितच बघायला मिळतं.

उताऱ्यापेक्षा अख्खं पुस्तक चांगलं, हे मी आपल्याला काय सांगणार. आमच्या शाळेच्या वाचनालयाचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे आणि त्याच्या पुढे शालेय पोषण आहाराची पोती आहेत. हा विषय आपल्या समितीच्या अखत्यारीतला नाही, याची कल्पना आहे. फक्त पाठाखाली पुस्तकाचं नाव देताना ते कुठून मिळवायचं याचा विचार कोणीतरी करावा.

आणि शेवटची विनंती. दहावीच्या पुस्तकात एक पाठ असा ठेवा, ज्याच्याखाली एकही कृती नसेल, परीक्षेत ज्यावर काही येणार नाही आणि ज्याला गुण नसतील. कथा असो, नाटकाचा प्रवेश असो, आपण निवडाल ते. वाचायचा, हवं तर भांडायचं, नाहीतर गप्प बसायचं. त्या पाठासाठी दोन तास राखून ठेवल्याचं वार्षिक नियोजनात छापून द्या, नाहीतर तपासणीला आलेले साहेब विचारतील की या तासांची निष्पत्ती काय, आणि मुख्याध्यापक ते तास व्याकरणाला देऊन मोकळे होतील. तोंडी सांगून भागणार नाही. परिपत्रक लागेल. जावक क्रमांकासह.

कळावे,

आपला,
मराठीचा एक शिक्षक
जि. बीड